बी४५० मदरबोर्ड: जुना झाल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

हार्डवेअरचे बहुतेक रिव्ह्यू खोकं उघडल्याच्या आठवड्यात लिहिले जातात. त्या आठवड्यात सगळंच छान चालतं. प्रोसेसरचं ठीक आहे, त्याचा वेग पहिल्या दिवशी मोजता येतो. मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर प्रोसेसर, रॅम, कार्डं सगळं बसतं ती पाटी, तिचं तसं नसतं. तिच्यावर पुढे काय बसवू देतात आणि काय नाही, हे कळायला वर्षं जावी लागतात. माझा बोर्ड २०१८ चा, बी४५० चिपसेटचा, म्हणजे एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांसाठीचा. आता त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

मी व्हिडिओ एडिटिंग करते. माहितीपट, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, कधी कुणाची लांबलचक व्याख्यानं. गेम खेळत नाही, त्यामुळे फ्रेम रेटचे आकडे इथे मिळणार नाहीत. माझी गरज सरळ आहे: टाइमलाइन अडखळू नये, एक्स्पोर्ट वेळेत व्हावं आणि काम अंगावर असताना मशीननं दगा देऊ नये.

बोर्ड घेतला तेव्हा त्याच्यावर रायझन ५ २६०० होता, सहा कोरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सहा गाभ्यांचा. आज त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स आहे, आठ कोरचा आणि दोन पिढ्या पुढच्या रचनेचा. रॅम तीच, पॉवर सप्लाय तोच, कॅबिनेट तेच. पूर्वी जी एक्स्पोर्ट मी रात्री लावून झोपायचे ती आता संध्याकाळी लावते आणि मी खुर्चीतून उठायच्या आधी संपतात. कुठल्याही बोर्डाला मी यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक देऊ शकत नाही.

प्रोसेसर बदलताना एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे या बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना, आणि सॉकेटला नुसती भोकं. वर कूलर, मध्ये उष्णता कूलरपर्यंत नेणारी थर्मल पेस्ट. पेस्ट जुनी झाली की वाळून कडक होते. तेव्हा कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा लिव्हर बंद असूनही प्रोसेसर उपटला जातो आणि कूलरला चिकटून बाहेर येतो. नशीब चांगलं असेल तर पिना शाबूत राहतात. म्हणून आधी एखादं जड एक्स्पोर्ट लावायचं, पेस्ट गरम होऊ द्यायची, मग मशीन बंद करून वायर काढायची, कूलरचे चार स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे सोडवायचे आणि कूलर डावी-उजवीकडे हलका पिळायचा. पेस्ट सुटते तेव्हा हाताला कळतं. मगच उचलायचा. आणि हे सगळं करण्याच्या आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, नवा बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, टाकून घ्यायचा. नाहीतर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखच देत नाही.

माझ्या बोर्डावर नवा बायॉस टाकल्यावर चित्रांचा झगमगीत मेन्यू गेला आणि साधा मजकुराचा आला. बायॉसच्या चिपवर जागा फक्त १६ एमबी. सजावट काढून त्या जागी नव्या प्रोसेसरांचा मजकूर कोंबलेला. मला काही वाईट वाटलं नाही.

मात्र ही सोय एएमडीनं आपणहून हातात ठेवलेली नव्हती. मे २०२० मध्ये कंपनीनं सांगितलं होतं की पुढची, म्हणजे झेन ३ रचनेच्या प्रोसेसरांची पिढी (माझा ५७००एक्स त्यातलाच) बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाही. कारण दिलं, बायॉसच्या चिपमध्ये जागा नाही. बोर्ड घेताना ‘एएम४ दीर्घकाळ चालेल’ या भरवशावर घेतलेल्या लोकांनी असा गलका केला की त्याच महिन्यात कंपनीनं निर्णय फिरवला. २०२१ च्या सुरुवातीला बायॉस यायला लागले. जागा होती म्हणायची! त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांना, म्हणजे २०१७ मध्ये एएमडीवर पहिल्यांदा विश्वास टाकणाऱ्यांना, अधिकृत परवानगी मिळायला मात्र २०२२ उजाडलं. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, इंटेलची अल्डर लेक ही बाराव्या पिढीची मालिका आली होती आणि ती खरोखर चांगली होती. दोन घटनांचा संबंध कुणी लिहून दिलेला नाही. मला तो स्पष्ट दिसतो.

इथेच माझ्या रिव्ह्यूचा खरा मुद्दा येतो. माझी भाची नवं मशीन जोडणार आहे आणि तिचा प्रश्न नेहमीचाच: ‘मावशी, इंटेल की एएमडी?’ मी तिला म्हटलं, कंपनीचा स्वभाव बघू नकोस, तिच्या मागे कोण लागलंय ते बघ. स्वभाव सगळ्यांचा सारखाच असतो.

माझं याच्या आधीचं मशीन इंटेलचं होतं, आय७-३७७०के, २०१२ चं. मशीन उत्तम. पण त्या काळातली यादी काढून बघा. जानेवारी २०११ चा आय७-२६००के: चार कोर, आठ थ्रेड (एका कोरवर एकाच वेळी दोन कामं). माझा २०१२ चा: चार कोर, आठ थ्रेड. मग ४७७०के, ४७९०के, ६७००के, आणि जानेवारी २०१७ चा ७७००के: चार कोर, आठ थ्रेड. दर कोरचा वेग वाढला, वीज कमी लागू लागली, हे मान्य. पण एक्स्पोर्ट करणाऱ्याला कोर हवे असतात, आणि सहा वर्षं ते वाढले नाहीत. उलट २६००के मध्ये धातूचं झाकण चिपला सोल्डर केलेलं असायचं, माझ्या ३७७०के च्या पिढीपासून तिथे पेस्ट आली. हौशी मंडळी चक्क झाकण उपटून आतली पेस्ट बदलायची.

त्या सहा वर्षांत एएमडीचं काय चाललं होतं? २०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची बुलडोझर मालिका आली आणि तिथून ती कंपनी वरच्या पायरीवर स्पर्धेत उरलीच नाही. मार्च २०१७ मध्ये रायझन आला. आठ कोर, सोळा थ्रेड, आणि इंटेलच्या आठ कोरच्या ६९००के पेक्षा निम्म्याहून कमी किमतीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंटेलचा ८७००के आला: सहा कोर. पुढच्या वर्षी ९९००के: आठ कोर, आणि झाकणाखाली सोल्डर परत.

आता विचार करा. सात महिन्यांत नवा प्रोसेसर आखून, छापून, तपासून कुणी बाजारात आणत नाही. सहा कोरचं काम आधीच पुढे सरकलेलं असणार. महागड्या वेगळ्या मालिकेत तर इंटेल २०१६ मध्ये दहा कोरही विकत होती. म्हणजे माल होता, सामान्य गिऱ्हाइकाला तो द्यायची निकड नव्हती. ती निकड दुसऱ्या कंपनीनं आणली. २०१७ मध्ये ज्यांनी कट्टरपणे इंटेलच घेतलं त्यांनाही जास्तीचे दोन कोर एएमडीमुळे मिळाले, हे त्यांच्यातले किती जण कबूल करतील देव जाणे.

एएमडीच्या भक्तांनी लगेच कॉलर ताठ करू नये. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० आले आणि जवळजवळ सगळ्या कामांत एएमडी पुढे गेली. पुढे गेल्याबरोबर काय केलं? सहा कोरचा ५६००एक्स आधीच्या ३६००एक्सपेक्षा वरच्या किमतीला लावला, आणि त्याच्या खालचा साधा ५६०० सतरा महिने बाजारात आणलाच नाही. जानेवारी २०२२ मध्ये इंटेलनं आय५-१२४०० हा स्वस्त सहा कोरचा प्रोसेसर आणला, आणि एप्रिलमध्ये एएमडीला साध्या ५६०० ची आठवण झाली. माझा ५७००एक्सही त्याच एप्रिलचा. खोक्यातल्या कूलरचीही तीच गोष्ट. ३७००एक्सच्या खोक्यात चांगला भक्कम कूलर मिळायचा. माझ्या ५७००एक्सच्या खोक्यात कूलर नाही. दोन्ही आठ कोरचे, दोन्ही ६५ वॉटच्या वर्गातले. एक कंपनी मागे असतानाचा, दुसरा पुढे गेल्यावरचा.

तसं बघितलं तर ही जोडी मुळात एका गिऱ्हाइकाच्या हट्टामुळे जमली. आयबीएमनं आपल्या पीसीत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर घेतला, पण एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून १९८२ मध्ये इंटेलनं एएमडीशी करार केला आणि एएमडी तेच प्रोसेसर बनवू लागली. पुढे दोघांची भांडणं कोर्टात गेली. पण त्या कराराची फळं आपण आजही खातो: आज सगळे जे ६४ बिटचं एक्स८६ (या प्रोसेसरांचा आज्ञासंच) वापरतात ते २००३ मध्ये एएमडीनं आणलं आणि इंटेलला ते घ्यावं लागलं. इंटेल तेव्हा ६४ बिटसाठी सगळ्यांना इटॅनियम या आपल्या वेगळ्याच प्रोसेसरकडे घेऊन निघाली होती. पर्याय नसता तर आपणही मुकाट्यानं निघालो असतो.

प्रोसेसरात निदान दोघं तुल्यबळ आहेत. ग्राफिक्स कार्डाचा भाग लिहिताना माझा सूर बदलतो. या बोर्डावर माझं कार्ड एनव्हिडियाचं आहे, आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचं, आणि तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. मी ते निवडलं असं म्हणणं मात्र धाडसाचं होईल. मी वापरते ते नॉइज काढायचं प्लगइन कुडावर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून इतर कामं करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरवर, चालतं, कुडा फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर, संपलं. २००७ पासून त्यांनी कुडावर मेहनत घेतली, विद्यापीठांपासून स्टुडिओंपर्यंत ते रुजवलं, त्याचं श्रेय त्यांचंच. पण परिणाम असा की दुकानात शिरायच्या आधीच माझा निर्णय झालेला असतो. आणि ज्याचा निर्णय झालाय त्याच्या नाकदुऱ्या कोण कशाला काढेल? ३०६० नंतर त्याच पायरीवर २०२३ मध्ये ४०६० आलं: मेमरी १२ जीबीची ८ जीबी, मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता) १९२ बिटची १२८ बिट. चिप वेगवान झाली, वीज कमी खाते, सगळं खरं. पण चार ट्रॅकवर फोर-के आणि वर नॉइज रिडक्शन लावलं की मेमरी भरते आणि सॉफ्टवेअर हात वर करतं. १२ जीबीवरून ८ जीबीवर यायला मी नाही म्हटलं.

तिसरा गडी इंटेल. २०२२ मध्ये त्यांची आर्क कार्डं आली तेव्हा गेम खेळणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नावानं बोटं मोडली आणि ते रास्त होतं. एडिटिंगवाल्यांनी मात्र दुसरंच काही पाहिलं. हल्लीचे मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारं फुटेज, रेकॉर्ड करतात. रंगासाठी उत्तम, मशीनसाठी छळ. एचईव्हीसी या फॉरमॅटमध्ये दाबून ठेवलेलं असं फुटेज हार्डवेअरमध्ये उलगडायची सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये अकराव्या पिढीपासून आहे. माझ्या एनव्हिडियाच्या कार्डात नाही, ४०६० मध्येही नाही. एनव्हिडियानं ती २०२५ मध्ये ५० मालिकेत दिली. आणि माझ्या रायझनमध्ये ग्राफिक्सच नाही. त्यामुळे असं फुटेज टाइमलाइनवर टाकलं की प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) दोन पावलं चालायचा, थांबायचा, आवाज पुढे निघून जायचा. आधी सगळ्याच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवा, मग कामाला लागा.

शेवटी मी बोर्डाच्या दुसऱ्या लांब खोबणीत आर्क ए३८० हे छोटं कार्ड टाकलं. त्या खोबणीला पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या, म्हणजे डेटा नेणाऱ्या जुन्या, संथ रस्त्याच्या, चारच लेन आहेत, पण डिकोडिंगपुरतं भागतं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डिकोडिंग इंटेलकडे, बाकीचं एनव्हिडियाकडे. प्लेहेड सरळ चालायला लागला. म्हणजे माझ्या एकाच कॅबिनेटमध्ये आज तिन्ही कंपन्या गुण्यागोविंदानं नांदतात, आणि प्रत्येकीकडून मी तेच घेते जे दुसरी देत नव्हती. एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट हार्डवेअरमध्ये एन्कोड करणारं पहिलं स्वतंत्र कार्डही याच आर्क मालिकेतलं. बाकी दोघांची तशी कार्डं त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत आली. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलनं बी५८० आणलं ते १२ जीबी मेमरीसह, आणि ज्या पायरीवर ८ जीबी हेच चालतं झालं होतं त्या पायरीवर. इंटेल ग्राफिक्समध्ये टिकावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्यात तिच्यावरच्या प्रेमाचा भाग शून्य आहे.

भाचीचा पुढचा प्रश्न रॅमचा होता. तिनं तुलना करून ठेवली होती, दहा-बारा ब्रँड, कुणाचे दिवे रंगीत, कुणाचं हीटसिंक उंच. मी म्हटलं, यातली स्पर्धा दिव्यांची आहे. आतल्या चिपा बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून येतात: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. पूर्वी बनवणारे जास्त होते. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये बुडाली, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मायक्रॉननं ती घेतली. आणि संख्या जास्त होती तेव्हाही हे लोक संगनमत करताना सापडलेत: २००५ मध्ये सॅमसंगनं अमेरिकेत किमती ठरवून घेतल्याचा गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर दंड भरला, आणि २०१० मध्ये युरोपियन कमिशननं उत्पादकांना मिळून ३३ कोटी युरोंहून जास्त दंड लावला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं ‘क्रूशियल’ हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. माल डेटा सेंटरांना हवा आहे. रॅममध्ये ब्रँडनिष्ठा ठेवायची तरी कुणावर? वॉरंटी आणि बोर्डाच्या सुसंगत यादीत नाव एवढं बघायचं आणि मोकळं व्हायचं.

हार्ड डिस्कचं थोडक्यात सांगते. माझं जुनं काम सगळं फिरत्या डिस्कवर आहे. सीगेटनं २००६ मध्ये मॅक्सटर घेतली, २०११ मध्ये सॅमसंगचा डिस्कचा धंदा घेतला. वेस्टर्न डिजिटलनं २०१२ मध्ये हिताचीचा घेतला. तोशिबा धरून तीन उरले. २०११ च्या शेवटी, थायलंडच्या पुराच्या टंचाईतच, दोन्ही बड्या कंपन्यांनी आपल्या बऱ्याच डिस्कची वॉरंटी कमी केली. एकीनं केल्यावर दुसरीला का बरं लाज वाटेल? तरी तिघांतली चुरस अगदीच मेलेली नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणीसाठीच्या) काही रेड डिस्कमध्ये न सांगता एसएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढवून लिहायची पद्धत, वापरल्याचं बाहेर आलं, तेव्हा सीगेटनं लगेच सांगून टाकलं की आमच्या आयर्नवुल्फ डिस्कमध्ये ते नाही. काही आठवड्यांत रेड प्लस नावाची वेगळी मालिका आली आणि काय आहे ते उघड लिहिलं जाऊ लागलं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड येते ती विकत घेतल्यानंतरच्या बांधिलकीची. माझ्याकडे एक प्रिंटर आहे, कंपनीचं नाव राहू द्या. घेतला तेव्हा त्या वर्गात पाच-सहा पर्याय होते आणि स्पर्धेमुळे तो पडेल भावात मिळाला. मग एका सकाळी आपोआप आलेल्या अपडेटनंतर त्यानं दुसऱ्या कंपनीचं, निम्म्याहून जास्त भरलेलं काट्रिज ओळखायचं बंद केलं. स्क्रीनवर मजकूर मात्र किती सभ्य: ‘आपल्या सुरक्षिततेसाठी’. स्पर्धा दुकानात होती, घरी आल्यावर संपली. तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना मी विचारते की उद्या हिच्यासोबत दुसऱ्याची वस्तू चालेल का.

मॉनिटरचं उदाहरण याच्या बरोबर उलटं आहे. एनव्हिडियानं २०१३ मध्ये जी-सिंक, म्हणजे पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवायची सोय, आणलं, त्याला मॉनिटरमध्ये त्यांचंच खास मॉड्यूल लागायचं आणि ते फक्त त्यांच्या कार्डाबरोबर चालायचं. एएमडीनं डिस्प्लेपोर्टमधल्या खुल्या मानकावर तीच सोय देणारं फ्रीसिंक उभं केलं. मॉनिटर बनवणाऱ्यांना ते स्वस्त पडलं, ते सगळीकडे पसरलं आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियालाही आपली कार्डं त्या मॉनिटरांवर चालू द्यावी लागली. मॉनिटर दोन-तीन कार्डं म्हातारी करतो. तो तरी कुणाच्या दावणीला बांधलेला नसावा.

भाचीनं काय घेतलं? तिचं काम थ्रीडीचं, कुडाशिवाय गत्यंतर नाही, म्हणून कार्ड एनव्हिडियाचं आणि वापरलेलं, कारण नव्यात मेमरी हवी तेवढी परवडेना. प्रोसेसर आणि बोर्ड एएम५, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटचे. त्यावर २०२७ पर्यंत किंवा पुढेही नवे प्रोसेसर येतील असं एएमडीनं जाहीर केलं आहे. इंटेलच्या आताच्या सॉकेटबद्दल तसं ठाम आश्वासन मला दिसलं नाही. आश्वासन पाळतील का? इंटेल उभी राहिली तर पाळतील. मॉनिटर खुल्या मानकाचा. प्रिंटर घेऊ दिला नाही.

माझ्या बी४५० ला पाचपैकी चार. अर्धा गुण पीसीआय एक्स्प्रेस ३.० साठी कापला. नव्या वेगवान एसएसडी इथे अर्ध्या दमानं चालतात. उरलेला अर्धा दुसऱ्या एम.२ खोबणीसाठी (तिथे एसएसडी बसते), जी चिपसेटच्या संथ लेनवर आहे आणि भरली तर साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, दोन पोर्ट बंद पडतात. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, पण तळटीपेत.